खालची पुली

९ फेब्रुवारी, सोमवार

पंपांच्या दुकानदाराने दरवर्षीप्रमाणे डायरी फुकट दिली. एरवी ती टेलिफोनखाली पडून राहते. या वर्षी लिहायचं ठरवलंय, कारण या वर्षी चूक करून भागणार नाही. ईस्टरच्या शनिवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती आहेत आणि गाडी मार्नी चालवणार आहे.

मार्नी माझी मुलगी, सव्वीस वर्षांची. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवते. आईवर गेलीये, एकदा ठरवलं की ठरवलं. तिची आई असंच एकदा ठरवून क्वीन्सलँडला गेली, ती गेलीच.

गाडी म्हणजे मार्नीची जुनी यूट. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. त्यावर आता मोठा सुपरचार्जर चढवायचा. माझ्या भागीदाराची, स्टावची बायको व्हूला दुपारी डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, "हे डबडं करतं तरी काय?"

म्हटलं, "लोहाराचा भाता बघितलायस ना? तोच. इंजिनाच्या नाकातोंडात हवा कोंबतो. पट्टा त्याला फिरवतो, आणि पट्ट्याला फिरवते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरची ही खालची पुली. पट्टा घसरला की भाता बंद."

"आणि तुटला तर?"

"तर जवळ उभं राहायचं नाही," स्टाव म्हणाला. तिघंही हसलो.

स्टाव कालोयेरास आणि मी बावीस वर्षं हे वर्कशॉप चालवतोय. इंजिनाच्या पोटातलं सगळं त्याचं, बाहेर लटकणारं सगळं माझं. म्हणजे क्रँक, पिस्टन, खालची पुली त्याची. ब्रॅकेट, वरची पुली, मधल्या दोन पुल्या आणि पट्टा माझा. एकमेकांचं काम आम्ही तपासत नाही. तसा काही नियम केलेला नाही, पण एकदाही तपासलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

भर उन्हाळा, चव्वेचाळीस अंश. पत्र्याखाली त्याहून जास्तच. ॲल्युमिनियमची जाड प्लेट आणायला मी सकाळी शेजारच्या बेरी गावाला गेलो होतो. परत आलो तर खालची पुली बसवून झालेली. स्टाव खोक्यावर बसला होता, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि लांब दांडी जमिनीवर पडलेली. त्याने हत्यार जमिनीवर टाकलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

हा बोल्ट दोन टप्प्यांत आवळतात. आधी टॉर्कचा पाना टक् वाजेपर्यंत, ते कुणालाही जमतं. मग पान्याला दांडी लावून आणखी जवळजवळ अर्धा फेरा. तिथे माणसाची आई आठवते. मला दोन्ही पाय टेकवून ओरडावं लागतं. स्टाव मात्र एका हाताने करतो, दुसऱ्या हातात सँडविच. तरुणपणी फुटबॉलच्या टीममध्ये त्याला 'क्रेन' म्हणायचे.

"आवळली?" मी विचारलं.

"आवळली."

"सँडविच कुठाय?"

त्याने मान वर केली नाही. उन्हाचा त्रास होतो या वयात. मी त्याला थंड पाणी दिलं आणि घरी पाठवलं. मग रेडिएटर आणि पंखा बसवून टाकला, म्हणजे सोमवारी माझं ब्रॅकेटचं काम मोकळं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

स्टाव आला नाही. ॲडलेडला गेलाय, दाताच्या डॉक्टरकडे. कालही काही बोलला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून गेला, असं मार्नी म्हणाली. तिने पेट्रोलपंपावर बघितलं, व्हूला गाडी चालवत होती. दात दाखवायला इस्त्रीचा शर्ट कशाला, कोण जाणे.

ब्रॅकेट तयार. पट्ट्याच्या सैल बाजूला पाण्याच्या नळीपासून बोटभर गाळा ठेवलाय, कारण इंजिन ओरडायला लागलं की सैल बाजू सापासारखी हलते. पंख्यापासूनही पुलीला बोटभर गाळा आहे. चारी पुल्यांच्या तोंडांवर पोलादी पट्टी लावून बघितली. केसभरही फरक नाही. दिव्यासमोर धरलं तर मधून उजेड येत नव्हता.

असं काम झालं की बरं वाटतं. सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज इंजिन सुरू केलं!

आधी सुपरचार्जर चढवला. एरवी स्टाव तो पोटाशी धरून ठेवतो आणि मी खालून बोल्ट लावतो. आज म्हणाला, "साखळीची घोडी आण."

"का रे, क्रेन गंजली?"

"क्रेनची पाठ दुखतेय."

पण आवाज काय! खालून गुरगुर आणि वर शीळ. मार्नी वर्कशॉपभर नाचली. पट्टा पुल्यांच्या बरोब्बर मधून चालत होता, जणू कुणी रेघ आखलीये. मार्नीने स्टावला मिठी मारली आणि बियरची बाटली उघडायला त्याच्यापुढे केली, दरवर्षी तो अंगठ्याने झाकण उडवतो म्हणून. त्याने ती तशीच माझ्याकडे सरकवली.

"आज मालकाला मान," म्हणाला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुढच्या बाजूला काळी भुकटी दिसली. रबराची. पट्ट्याच्या आतल्या अंगाला उभ्या शिरा असतात आणि त्या पुलीच्या खाचांत बसतात. कडेची शीर झिजायला लागलीये. पोलादी पट्टी लावली तर वरची पुली खालच्या पुलीच्या मागे पडलेली, अर्धा मिलिमीटर.

मी मोजलं होतं. उजेडासमोर धरून मोजलं होतं. मग ब्रॅकेटच बसलं असणार. नवीन ॲल्युमिनियम गरम झालं की थोडं बसतं. वरच्या पुलीमागे आणि मधल्या दोन्हींमागे पातळ वॉशर घालून सगळ्यांना पुढे आणलं. पुन्हा रेषेत. स्टावला सांगितलं. तो इंजिनावर वाकला.

"वरची मागे गेली म्हणतोस?"

"मग काय खालची पुढे आली?" मी म्हटलं आणि हसलो.

तो हसला नाही. हल्ली त्याला विनोद समजत नाहीत.

१ मार्च, रविवार

दुपारी ग्रीक क्लबात जेवण. कोकराच्या चॉप्स, लिंबातले बटाटे. व्हूलाने आधी स्टावच्या ताटातलं मटण हाडावरून सोडवून, बारीक कापून दिलं आणि मग स्वतः जेवायला बसली.

मी म्हटलं, "व्हूला, भरव की आता. गळ्याला फडकं पण बांध."

टेबलावरचे सगळे हसले. व्हूलाने माझ्याकडे असं बघितलं की मी ताटात बघायला लागलो. एवढं काय म्हटलं होतं मी? इतक्या वर्षांत याहून वाईट थट्टा केलीये. स्टाव म्हणाला, "लाडावलाय मी, लेका, तुला कोण विचारतंय!" आणि कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलून प्यायला.

निघताना पायरीच्या पट्टीला अडखळला. क्लबवाल्यांना शिव्या घातल्या.

८ मार्च, रविवार

परत तेच. तीच बाजू, तेवढाच फरक, तशीच भुकटी. शिवाय समोरच्या बाजूने तेलाचे थेंब गळतायत, क्रँकच्या तोंडाशी. तेल पोटातलं म्हणजे स्टावचं खातं. त्याला दाखवलं. "सीलला वेळ लागतो बसायला," म्हणाला. पुसलं.

ब्रॅकेट वाकतंय, दुसरं काही असूच शकत नाही. सुपरचार्जरच्या छोट्या वरच्या पुलीने पट्ट्याचा ताण वाढलाय आणि मी प्लेट कमी जाडीची घेतली. बावीस वर्षं ब्रॅकेटं बनवतोय आणि पोरीच्या गाडीला कच्चं बनवलं. झोप नीट लागत नाही. दुप्पट जाडीचं बनवायला घेतलं.

१२ मार्च, गुरुवार

हा तिसरा गुरुवार. दाताचं काम तीन गुरुवार चालत नाही.

सुट्या भागांचा व्हॅनवाला आला होता. त्याने सहज विचारलं, "स्टाव वर्कशॉप सोडतोय का? मरे ब्रिज गावची ग्रीक पोरं मोठं गॅरेज काढतायत, त्यांना इंजिनवाला हवाय म्हणे." मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही. खरंच नाही.

पण मग एकेक गोष्ट जुळत जाते. इस्त्रीचा शर्ट. हातातलं काम सोडून बसून राहणं. जड काम माझ्यावर ढकलणं. परवा चेकवर सही करायची होती तर म्हणाला, "तूच कर, आता तुझीच सही चालू दे." आणि गेल्या आठवड्यात, पाना पुसता पुसता: "क्लेम, मी नसलो तर मार्नी येईल का रे इथे कामाला?"

मी विचारलं, "तू कुठे चाललायस?"

"कुठे नाही. विचारलं आपलं."

बावीस वर्षं. सरळ तोंडावर सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं त्याला?

१७ मार्च, मंगळवार

नवं ब्रॅकेट बसवलं. याच्यावर घर बांधता येईल. सगळं रेषेत आणलं, आणि त्यासाठी वरच्या पुलीला पुन्हा थोडं पुढे घ्यावं लागलं. हे का, ते कळत नाही. जुन्या मापाने ती मागे यायला हवी होती.

स्टाव संध्याकाळी माझ्या लेथपाशी येऊन उभा राहिला. मशीन बंद होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "क्लेम, त्या खालच्या पुलीचं..."

मी तोडलं. "खालच्या पुलीचं काय? माझं ब्रॅकेट वाकत होतं, मी नवं केलं. माझ्या कामाचं मी बघतो, तू तुझं बघ. जितके दिवस बघणार असशील तितके."

त्याचा चेहरा पडला. "जितके दिवस म्हणजे?"

"तुला माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"गाव लहान आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटलं, चला, निदान लाज तरी आहे. "सांगणार होतो रे," तो म्हणाला. "जमलं नाही."

"राहू दे," मी म्हटलं आणि मशीन सुरू केलं.

२४ मार्च, मंगळवार

मळ्यातल्या लांब रस्त्यावर चाचणी. मार्नीने तीनदा गाडी पळवली. वेग असा की मागे संत्र्यांची झाडं धुळीत दिसेनाशी झाली. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा हेल्मेट काढून नुसती बसून राहिली.

"बाबा, पायाखाली काहीतरी थरथरतंय. वर गेलं की."

"आठ सिलिंडर आहेत पोरी, थरथरणारच."

"आधी अशी नव्हती थरथरत. आणि पट्टा भुंकतो. खरंच, कुत्र्यासारखा."

बॉनेट उघडलं. पट्टा ठीक. पण खालच्या पुलीचा आणि पंख्याचा गाळा कमी झालाय. तिथे आधी बोट जायचं, आता नख जातं. म्हणजे इंजिनाखालचे रबरी पाय बसले आणि अख्खं इंजिन पुढे झुकलं. चला, कारण सापडलं! हेच सगळ्याच्या मुळाशी असणार. नवे पाय मागवले.

मार्नी म्हणाली, "स्टावकाकाला विचारू का?"

"काही गरज नाही."

"तुम्ही दोघं बोलत का नाही आहात?"

"बोलतोय की."

"बाबा, त्याने काल माझ्याकडून बुटाची नाडी बांधून घेतली."

"पाठ दुखतेय त्याची," मी म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार

नवे पाय बसवले. गाळा अजून नखाएवढाच. पंख्याला मागून वॉशर घालून पंखा पुढे सरकवला. आता बोट जातं. झालं एकदाचं. डोक्यात सारखं तेच तेच चालू राहतं, थांबवायला हवं. मोजमाप सगळं बरोबर आहे.

पट्ट्याच्या कडेची आणखी एक शीर सोलली. नवा पट्टा घातला.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

सकाळी चर्च. मग यूट ट्रेलरवर चढवली. दुपारी स्टावचा फोन तीनदा येऊन गेला. घेतला नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी मला कुणाचे राजीनामे ऐकायचे नाहीत. मार्नीला म्हटलं, तुला आला तरी आज नको घेऊस, डोकं शांत ठेव.

वारा पडलाय. सगळं धुळीच्या वासाचं झालंय. उद्या पहाटे निघायचं.

१४ एप्रिल, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. मार्नीला काही झालेलं नाही. हे आधी लिहायला हवं.

१८ एप्रिल, शनिवार

अक्षर आता वाचता येतंय. थोडं थोडं लिहितो.

त्या दिवशी पहिल्या फेरीला तासभर होता. आम्ही गाड्यांच्या रांगेत होतो, मार्नी आत बसून सीटचे पट्टे लावत होती. तेवढ्यात व्हूलाची गाडी थेट रांगेत घुसली. लोक ओरडत होते. दार उघडून स्टाव उतरला, लंगडत आला आणि यूटच्या बॉनेटसमोर उभा राहिला.

"मार्नी, उतर."

"काय झालं, काका?"

"आधी उतर. क्लेम, खालची पुली उघड."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी म्हटलं, "आज? आज आलास माझं काम तपासायला?"

"तुझं नाही. माझं."

तरीही मला कळलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. माणसाने इतकं सरळ सांगितलं आणि मला वाटलं, हा जाता जाता पोरीचा दिवस नासवायला आलाय. मरे ब्रिजवाल्यांची गाडीही त्या रांगेत होती. मी म्हटलं, "उतर गं मार्नी. दाखवतोच याला." ती उतरली. इंजिन चालू होतंच. मी बॉनेट उघडून आत वाकलो, उजव्या हाताने थ्रॉटल ओढला आणि डोकं अगदी पट्ट्याच्या रेषेत आणलं. पट्टा सरळ चालतोय हे त्याला तिथल्या तिथे दाखवायचं होतं. आवाज चढला. मार्नी म्हणाली होती तसाच. भुंकल्यासारखा.

स्टावने माझा डावा दंड धरला, मला ओढायला.

त्या हाताने मी कधीकाळी गिअरबॉक्स उचललेला बघितलाय. त्या हाताने हस्तांदोलन केलं की माझी अंगठी बोटात रुतायची. आता त्या पकडीत काही नव्हतं. चिंधी पडावी तसा तो हात माझ्या दंडावर पडला होता. बोटं वळत होती, पण त्यांत जोर नव्हता. मी मान वळवून त्या हाताकडे बघितलं. इतकंच. बघण्यासाठी डोकं बाहेर काढलं.

खालची पुली सुटली. आधी पंखा फोडला, मग रेडिएटर, आणि उकळतं पाणी वर उडालं. पट्टा कुठून आला ते दिसलंच नाही. थ्रॉटलवरचा हात आत होता. तीन बोटं गेली.

थांबतो. हात ठणकतोय. म्हणजे नसलेली बोटं ठणकतायत.

२१ एप्रिल, मंगळवार

व्हूला दवाखान्यात आली होती. ग्रीक ईस्टरची लाल अंडी आणि बिस्किटं घेऊन. बराच वेळ बिस्किटांबद्दलच बोलली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं असं स्टावला वाटलं होतं. घरी येऊन म्हणाला, क्लेमला कळलंय, आणि तो रागावलाय."

"मला वाटलं तो मरे ब्रिजला चाललाय."

तिने कपाळाला हात लावला. "मरे ब्रिज! क्लेम, अरे गाढवा, तो नीट बटण लावू शकत नाही!"

मज्जातंतूंचा आजार आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांबलचक आहे. तिने ते ग्रीक वळणाने म्हटलं, मला नीट कळलंही नाही. हातापासून सुरू होतो आणि चढत चढत श्वासापर्यंत जातो. आता पायालाही लागलाय. ॲडलेडचे गुरुवार त्यासाठी होते.

"यावर औषध काय?"

व्हूलाने अंडं सोलून माझ्या डाव्या हातात दिलं. "मीठ लावून खा," म्हणाली.

२ मे, शनिवार

घरी आलो. मार्नीने इंजिन उघडलंय. एकटीने. तिने मला क्रँकचं टोक दाखवलं: बोल्टच्या आट्यांना ओरखडाही नाही. बोल्ट मोडला नव्हता, तो हळूहळू मागे फिरत आला होता. आणि पुली दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरकत होती. मी तिच्यामागे सगळं पुढे नेत होतो. वरची पुली, मधल्या पुल्या, शेवटी पंखासुद्धा. बाजूला काढलेले माझे सगळे वॉशर मार्नीने एकावर एक ठेवले. माझ्याच्याने तिकडे बघवलं नाही.

स्टावने तिला सगळं सांगितलंय. पहिला टप्पा झाला, पाना टक् वाजला. मग दांडी लावली आणि हातच चालेना. पायाने दाबून बघितलं, दांडी घसरून पडली. थोडं फिरलं असं त्याला वाटलं. वाटलं, जरा वेळाने पुन्हा करू. तेवढ्यात मी आलो, पाणी दिलं, घरी पाठवलं आणि वर रेडिएटर बसवून टाकला. पुन्हा करायचं तर सगळं उतरवावं लागणार होतं, आणि का ते सांगावं लागणार होतं.

मी मार्नीला विचारलं, "तुला राग नाही आला त्याचा?"

"आला ना. त्याला घराबाहेर ये म्हटलं आणि अर्धा तास ओरडले. व्हूलाकाकू खिडकीतून बघत होती. मग आत जाऊन त्याच्या बुटाची नाडी बांधली."

मी त्याला माफ केलं असं इथे लिहिणार नाही. केलेलं नाही. त्या सीटवर ती असणार होती. दिवसातून चारदा ते डोळ्यांपुढे येतं. आणि मग पाचव्यांदा डोळ्यांपुढे येतो तो मी, लेथ सुरू करताना, आणि माझ्यासमोर उभा असलेला तो.

१६ मे, शनिवार

आज स्टाव आला. काठी घेऊन. व्हूला त्याला दारात सोडून दुकानात गेली. आम्ही दोघं खोक्यांवर बसलो. मध्ये इंजिन, पोट उघडं टाकलेलं. माझी पट्टी बांधलेली मूठ बघून तो म्हणाला, "दोघांत मिळून किती बोटं चालतात रे आपली?"

"सात," मी म्हटलं. "तुझी धरायची की नाही त्यावर आहे."

तो हसला. मग हसू ओसरलं. खाली बघत म्हणाला, "एक विचारू? तू सगळं मोजतोस. दाराची चौकट मोजून घरात शिरणारा माणूस तू. पट्टा महिनाभर एकाच बाजूला चढत होता. तू खालची पुली एकदाही का मोजली नाहीस?"

या प्रश्नाची मी दवाखान्यात वाट बघत होतो. बरीच उत्तरं तयार केली होती.

"तू आवळली होतीस म्हणून," मी म्हटलं.

त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी उठून त्याच्याजवळ गेलो नाही. जावंसं मात्र वाटलं. पत्र्यावर पांढऱ्या काकाकुवांचा गोंगाट चालला होता.

मग मार्नी आली. तिने मोठा बोल्ट नवा आणलाय, आणि या वेळी पुलीत आडवी खीळ ठोकणार आहे, म्हणजे ती सरकणारच नाही. कशी ठोकायची ते स्टावने सांगितलं, तोंडाने. ती भोक पाडत होती आणि तो म्हणत होता, "सरळ धर. घाई नको. हां. आता तेल." त्याचा आवाज तेवढा अजून तसाच आहे.

काम थांबवून तिने विचारलं, "बाबा, परत कधी उतरवायची धावपट्टीवर?"

मी डाव्या हाताने लेथ शिकतोय, रेडिएटर नवा यायचाय, ब्रॅकेट मुळापासून करायला हवं. म्हटलं, "हा हिवाळा जाऊ दे. वसंतात. सप्टेंबरपर्यंत होईल सगळं नीट."

स्टाव इंजिनाकडेच बघत होता.

"हिवाळ्यात कर," तो म्हणाला.